एका मार्काची हरकत

गेल्या वर्षी शिवजयंतीला मी आमच्या सोसायटीसाठी एक ऑनलाइन क्विझ तयार केली. वीस प्रश्न, पंधरा मिनिटं, पहिल्या नंबराला पुस्तकांच्या दुकानाचं पाचशे रुपयांचं कूपन. मी व्यवसायानं सॉफ्टवेअर इंजिनिअर. दिवसभर दुसऱ्याच्या सिस्टीममधल्या चुका शोधायच्या आणि रात्री स्वतःच्या हातानं एक क्विझ बनवायची, यात मला काहीच अवघड वाटलं नव्हतं.

पहिला प्रश्न मुद्दाम सोपा ठेवला होता. शिवाजी महाराजांचा जन्म कधी झाला? पर्याय नव्हते, उत्तर टाइप करायचं होतं. ‘स्वीकारार्ह उत्तर’ असा एक रकाना होता, त्यात मी १९ फेब्रुवारी १६३० भरलं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळलो.

निकाल लागल्यावर या एकाच प्रश्नावर तीन हरकती आल्या.

पहिली साधी होती. एकानं बरोबर तारीख लिहिली होती, पण देवनागरी आकड्यांत. मी भरलेलं उत्तर इंग्रजी आकड्यांत, त्यामुळे मशीननं त्याला शून्य दिलं. ती चूक सरळ माझी होती, दोन मिनिटांत मिटली.

दुसरी बी विंगमधल्या नववीतल्या मुलीची. तिनं लिहिलं होतं, १ मार्च १६३०. मला वाटलं, गोंधळली असेल.

तिसरी आमच्याच मजल्यावरच्या काकांची. वय पंच्याहत्तरच्या पुढे, मूळचे बेळगावचे, मुलाकडे पुण्यात राहायला आलेले. त्यांचं उत्तर होतं, वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९. मशीननं तेही चूक ठरवलं. या एका मार्कानं काकांचा पहिला नंबर गेला. ग्रुपवर कुणीतरी हसण्याची इमोजी टाकली, कुणी ‘काका, पहिलाच प्रश्न चुकला?’ असं लिहिलं. काकांनी ग्रुपवर उत्तर दिलं नाही. मला वेगळा मेसेज केला, ‘हे बरोबर उत्तर तू ठरवलंस, की कुणी ठरवून दिलंय?’

मी कॅलेंडरचा फोटो पाठवला. सरकारी सुट्टी आहे काका, यापेक्षा वेगळं काय सांगू? त्यावर त्यांचा एकच मेसेज आला. ‘लहानपणी मी शिवजयंतीच्या मिरवणुकीत चित्ररथावर मावळा होऊन उभा राहिलोय. आमच्याकडं ती वैशाखात असते. आमचं सगळं गाव चुकीच्या दिवशी नाचत होतं म्हणतोस काय रे?’

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. बेळगावात आजही शिवजयंतीची मोठी मिरवणूक वैशाखात निघते, कोल्हापूरकडेही पारंपरिक शिवजयंती त्याच सुमारास होते. म्हणजे काकांचं उत्तर आठवणीतली गफलत नव्हती, त्यामागे एक अख्खी परंपरा होती. मग माझ्या रकान्यातल्या उत्तरामागे काय होतं, हे शोधायला मी बसलो.

आधी काकांची बाजू. वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९. इंग्रजी तारखेत ही ६ एप्रिल १६२७ अशी सांगितली जाते. ही तिथी उत्तरकालीन बखरींतून आली. त्यातली प्रसिद्ध म्हणजे मल्हार रामराव चिटणीसांची बखर, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला साताऱ्यात लिहिलेली. म्हणजे महाराजांच्या जन्मानंतर साधारण एकशे ऐंशी वर्षांनी. त्याच साताऱ्यात पुढे ग्रँट डफ हा ब्रिटिश अधिकारी होता. त्यानं १८२६ साली मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत तीन खंडांत छापला आणि जन्म १६२७च्या मे महिन्यातला दिला. महिना थोडा हलला, पण साल तेच राहिलं. छापील पुस्तक, तेही इंग्रजी, आणि लिहिणारा सरकारी अधिकारी. पुढची कितीतरी वर्षं १६२७ हेच बरोबर उत्तर होतं. त्या काळात कुणी क्विझ घेतली असती तर काका पहिले आले असते आणि मी नापास झालो असतो.

एकदा छापलेलं उत्तर स्वतःच्या पायांवर चालायला लागतं. याचं एक गमतीदार उदाहरण क्विझच्याच जगातलं आहे. फ्रेड वर्थ नावाच्या अमेरिकन लेखकानं सामान्यज्ञानाचा एक कोश लिहिला होता. कुणी आपली माहिती उचलली तर पकडता यावी म्हणून त्यानं त्यात एक खोटं उत्तर पेरलं. कोलंबो या टीव्हीवरच्या गुप्तहेराचं पहिलं नाव ‘फिलिप’ असं त्यानं लिहिलं. पुढे ‘ट्रिव्हियल परस्यूट’ हा खेळ बाजारात आला आणि त्यात नेमकं हेच उत्तर ‘बरोबर’ म्हणून छापलेलं निघालं. वर्थनं १९८४ साली तीस कोटी डॉलरचा दावा ठोकला आणि तो हरला, कारण माहितीवर कुणाची मालकी नसते. मालिकेत कोलंबोच्या ओळखपत्रावर ‘फ्रँक’ असं लिहिलेलं दिसतं. ते पडद्यावर होतं, पण खेळणाऱ्यांसाठी खरं उत्तर पत्त्याच्या मागे छापलेलं होतं.

बखरकारानं मुद्दाम काही पेरलं, असं मला म्हणायचं नाही. त्याच्यापर्यंत जे आलं ते त्यानं लिहिलं. प्रश्न एवढाच, की त्याच्यापेक्षा जवळचा कुणी साक्षीदार होता का?

होता. आणि तो पुणे जिल्ह्यातच सापडला.

भोर तालुक्यातल्या कारी गावचे जेधे देशमुख म्हणजे कान्होजी जेध्यांचं घराणं. अफजलखान चालून आला तेव्हा शिवाजी महाराजांच्या बाजूनं उभे राहिलेले हेच कान्होजी. या घराण्याकडे एक शकावली जपून ठेवलेली होती. शकावली म्हणजे वर्षवार नोंदी. कुठल्या शकात, कुठल्या तिथीला काय घडलं, बस. वर्णन नाही, कौतुक नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर बखर ही नंतर कुणीतरी लिहिलेली गोष्ट, आणि शकावली ही लॉग फाईल. सिस्टीम पडल्यावर आम्ही आधी लॉग बघतो, मॅनेजरचा ईमेल नंतर.

ही शकावली लोकमान्य टिळकांकडे आली आणि त्यांनी ती १९१६ साली पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळामार्फत प्रसिद्ध केली. त्यात महाराजांचा जन्म शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया, वार शुक्रवार, शिवनेरीवर असा नोंदवलेला आहे. शिवाय हस्त नक्षत्र, आणि घटी-पळांपर्यंतची वेळ. म्हणजे रूढ तारखेपेक्षा जवळजवळ तीन वर्षांचा फरक.

इथे थांबून एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. शिवाजी उत्सव सार्वजनिक करणाऱ्यांत टिळक सगळ्यांत पुढे. १८९६ साली रायगडावर उत्सव भरवला तो त्यांच्याच पुढाकारानं. रूढ तिथी निमूट चालू ठेवण्यात सगळ्यांत जास्त सोय त्यांचीच होती. पण १९०० सालीच त्यांनी ‘केसरी’त जन्मतिथीच्या गोंधळावर लिहिलं होतं, आणि पुरावा हाती आल्यावर तो छापून लोकांसमोर ठेवला.

तो छापला गेला ती जागाही महत्त्वाची. मंडळाची स्थापना १९१० सालची, वि. का. राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी केलेली. राजवाडे म्हणजे गावोगाव फिरून वाड्यांच्या माळ्यांवरची दप्तरं गोळा करणारा माणूस. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे त्यांचे बावीस खंड आहेत. सदाशिव पेठेतल्या मंडळाच्या सभांमध्ये लोक एकेक कागद वाचून दाखवायचे, त्यावर हरकती घ्यायचे, पुढच्या सभेत उत्तर द्यायचे. एका तिथीवर, एका शब्दावर वाद घालायचा आणि तो टिपून ठेवायचा. पुणेरी वादावर आपण विनोद करतो, पण या वादाचं इतिवृत्त निघायचं.

एका कागदावर तारीख बदलायची नसते, हेही खरं. जेध्यांच्या घरातली नोंद चुकीची असू शकते. म्हणून पुढच्या दोन साक्षी महत्त्वाच्या.

कवींद्र परमानंद हे महाराजांच्याच काळातले कवी. त्यांचं ‘शिवभारत’ हे संस्कृत काव्य तंजावरला सापडलं आणि सदाशिव महादेव दिवेकरांनी ते १९२७ साली प्रसिद्ध केलं. त्यातही शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया. जुने कवी साल आकड्यांत लिहीत नसत, शब्दांत लपवून सांगत. पृथ्वी एक, बाण पाच, प्राण पाच, चंद्र एक. असे आकडे उलट्या क्रमानं वाचायचे असतात. आता १५५१ उलटं वाचा की सुलटं, साल तेच येतं! वाचताना गफलत व्हायला जागाच नाही.

तिसरी साक्ष जोधपूरची. तिथल्या एका ज्योतिष घराण्याच्या संग्रहात कुंडल्यांचा साठा होता. त्यात शिवाजी महाराजांची कुंडली मिळाली, आणि राजस्थानचे इतिहासकार गौरीशंकर ओझा यांच्यामुळे ती अभ्यासकांपर्यंत पोचली. तीही १६३०कडेच बोट दाखवते.

भोरचं खोरं, तंजावर आणि जोधपूर. एकमेकांपासून शेकडो मैल लांब पडलेले तीन कागद, आणि तिघांचं उत्तर एक. तीन वेगवेगळ्या सर्व्हरवर एकच नोंद सापडावी तसं हे आहे.

वाद मात्र मिटला नाही. बखरींतली तिथी मानणारे अभ्यासक होतेच, आणि लोकांच्या सवयीही होत्या. १९६६ साली राज्य सरकारनं इतिहासकारांची समिती नेमली. दत्तो वामन पोतदार, ग. ह. खरे, वा. सी. बेंद्रे, न. र. फाटक अशी मोठी नावं तीत होती. बहुमत फाल्गुनाकडे झुकलं, पण एकमत झालं नाही. शेवटी २००१ साली सरकारनं १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख अधिकृतपणे स्वीकारली. शकावली छापली गेली १९१६ला, कॅलेंडर बदललं २००१ला. मध्ये पंच्याऐंशी वर्षं. मी ते उत्तर रकान्यात भरलं तेव्हा मला पाच सेकंद लागले होते.

इथपर्यंत पोचल्यावर मला जरा बरं वाटलं. माझं उत्तर बरोबर होतं, आता पुरावाही हाताशी होता. काकांना सांगायला जाण्याआधी एक शेवटची तपासणी करावी म्हणून लॅपटॉप उघडला. शकावलीत वार दिलाय शुक्रवार. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख प्रोग्रॅममध्ये टाकून वार काढायचा, चार ओळींचं काम. तिथीसोबत वार दिलेला असणं ही इतिहासात फार कामाची गोष्ट आहे. आम्ही डेटा नीट पोचला का हे तपासायला शेवटी एक चेकसम जोडतो, तसाच हा वार. अंदाजानं ठोकलेल्या तारखेचा वार जुळण्याची शक्यता सातात एक.

प्रोग्रॅमनं उत्तर दिलं, मंगळवार.

पुन्हा चालवला, पुन्हा मंगळवार. क्षणभर पोटात गोळा आला. टिळक, परमानंद, जोधपूर, सगळे एका बाजूला आणि माझा लॅपटॉप दुसऱ्या बाजूला. मग बी विंगमधली मुलगी आठवली. १ मार्च १६३० टाकून पाहिलं. शुक्रवार!

खुलासा असा. युरोपात ज्यूलियन नावाचं जुनं कॅलेंडर होतं. ते सूर्याच्या मागे पडत चाललं म्हणून १५८२ साली पोप ग्रेगरी तेरावा यांनी सुधारणा केली. त्या वर्षी ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर आला. कॅथलिक देशांनी नवं कॅलेंडर लवकर घेतलं. इंग्रजांनी १७५२पर्यंत जुनंच चालवलं. शिवजन्माच्या वेळी दोन कॅलेंडरांत दहा दिवसांचं अंतर होतं. १९ फेब्रुवारी १६३० ही जुन्या, ज्यूलियन कॅलेंडरची तारीख आहे. इंग्रजांच्या कागदपत्रांशी ताडून पाहायला हीच पद्धत सोयीची, म्हणून आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत ती रुळली. आज आपण वापरतो त्या ग्रेगोरियन कॅलेंडरात तोच दिवस येतो १ मार्च १६३०, शुक्रवार. माझा प्रोग्रॅम आजचंच कॅलेंडर उलटं मागे नेत होता, म्हणून मंगळवार सांगत होता.

म्हणजे त्या दिवशी शिवनेरीच्या गडावर फाल्गुन वद्य तृतीया होती. त्याच दिवशी गोव्यातला पोर्तुगीज कारकून आपल्या वहीत १ मार्च १६३० लिहीत होता. आणि सुरतेच्या वखारीतला इंग्रज? त्यांचं तेव्हाचं नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळे तो लिहिणार १९ फेब्रुवारी १६२९. दिवस एक, सूर्य एक, तारखा तीन. तिघंही बरोबर. माझ्या मशीननं तिघांनाही शून्य दिलं असतं.

दुसऱ्या देशांनी हा गुंता कसा सोडवला? अमेरिकेचा पहिला अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन जन्मला तेव्हा तिथे जुनं कॅलेंडर होतं आणि तारीख होती ११ फेब्रुवारी. नवं कॅलेंडर आल्यावर ती बदलून २२ फेब्रुवारी १७३२ केली, आणि तीच जन्मतारीख म्हणून रूढ झाली. न्यूटनच्या बाबतीत उलट. तो जुन्या कॅलेंडरनुसार १६४२च्या नाताळात जन्मला आणि ही गोष्ट सांगायला छान, म्हणून कितीतरी लोक तीच सांगतात. नव्या कॅलेंडरनुसार ती तारीख ४ जानेवारी १६४३ आहे. आपण शिवजन्माची आणि राज्याभिषेकाची, म्हणजे ६ जून १६७४ची, तारीख जुन्या कॅलेंडरातून घेतली आणि नव्या कॅलेंडरात साजरी करतो. हा एक संकेत आहे. संकेत असायला हरकत नाही, पण तो संकेत आहे हे निदान क्विझ घेणाऱ्याला माहीत असावं.

मी त्या मुलीला फोन केला. तिनं हे कुठल्यातरी इतिहासाच्या पुस्तकाच्या तळटीपेत वाचलं होतं. ‘दादा, मी दोन्ही लिहिणार होते,’ ती म्हणाली, ‘पण बॉक्समध्ये एकच मावत होतं.’ तिला मार्क दिला.

काकांकडे जायला मात्र मला चार दिवस लागले. कारण हे सगळं वाचून झाल्यावरही काकांचं उत्तर बरोबर ठरत नव्हतं. ‘प्रत्येकाचं आपापलं खरं’ असं म्हणून एक मार्क वाटून टाकणं सोपं होतं. पण मग जेध्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या कागद जपणाऱ्यांचं आणि त्यावर वाद घालत आयुष्य घालवणाऱ्यांचं काय? मुलीनं दिलेलं उत्तर त्याच दिवसाचं दुसरं नाव होतं. काकांचं उत्तर दुसऱ्याच दिवसाचं, दुसऱ्याच सालाचं. दोन्ही हरकती दिसायला सारख्या, पण जातीनं वेगळ्या.

पुण्यात पेठांमधल्या अभ्यासिकांत बसणाऱ्या मुलांना हा फरक माझ्यापेक्षा चांगला कळतो. एमपीएससीची परीक्षा झाली की आधी पहिली उत्तरतालिका येते. मग ठरावीक मुदतीत हरकती मागवतात, त्यांना संदर्भ जोडावा लागतो, आणि नंतर अंतिम उत्तरतालिका लागते. कधी उत्तर बदलतं, कधी प्रश्नच रद्द होतो. माझा एक मित्र अशा हरकतींसाठी रात्रभर ग्रंथालयात बसलेला मी पाहिलाय, कारण त्याचं पुढचं वर्ष एका मार्कावर लटकलं होतं. त्याला कुणी ‘वाद घालू नकोस’ म्हटलं असतं तर? ‘मला असं वाटतं’ ही हरकत नसते. ‘अमुक पुस्तक, अमुक पान’ ही हरकत असते. आणि ती घ्यायला जागा ठेवणं हे प्रश्न काढणाऱ्याचं काम असतं. माझ्या क्विझमध्ये ती जागाच नव्हती.

काकांकडे गेलो ते शकावलीची छापील नोंद घेऊन. त्यांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली. संवत्सर, तिथी, वार, नक्षत्र, सगळ्यांवरून बोट फिरवलं. मग शिवभारतातल्या शब्दांचे आकडे त्यांनी स्वतःच बोटांवर मोजले आणि १५५१ आल्यावर हसले.

‘होय की,’ ते म्हणाले. ‘जन्म फाल्गुनातलाच दिसतोय. जवळचा माणूस सांगतोय म्हटल्यावर त्याचंच ऐकायला पाहिजे.’

मी म्हटलं, ‘काका, मार्क देता येत नाही त्यामुळे.’

‘मार्क कोण मागतंय रे? हे त्या दिवशी सांगितलं असतंस तर? तू सुट्टीचं कॅलेंडर पाठवलंस. सुट्टी म्हणजे पुरावा होय?’

मी काही बोललो नाही. काकूंनी चहा आणला. थोड्या वेळानं काका खिडकीकडे बघत म्हणाले, ‘मिरवणूक मात्र आमची वैशाखातच. ती काय जन्माच्या दाखल्यावर निघत नाही. माझ्या आज्यानं त्या दिवशी ढोल वाजवलाय, बापानं वाजवलाय.’ यावर हरकत घ्यायला माझ्याकडे कुठलाच कागद नव्हता, आणि घ्यायचीही नव्हती. महाराज कधी जन्मले आणि आपण त्यांची जयंती कधी साजरी करतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मी दोन्हींचं उत्तर एकाच रकान्यात भरलं होतं.

यंदा पुन्हा क्विझ घेतली. पहिला प्रश्न बदलला. ‘शिवजन्माची तारीख म्हणून रूढ असलेली १९ फेब्रुवारी १६३० ही कोणत्या कॅलेंडरातली?’ स्वीकारार्ह उत्तराच्या रकान्यात आता चार-पाच पर्याय असतात, देवनागरी आकडे धरून. आणि शेवटी एक नवा रकाना जोडलाय. हरकत असल्यास पुराव्यासह लिहावी, मुदत दोन दिवस.

निकालाच्या रात्री पहिली हरकत काकांची आली. सातव्या प्रश्नावर, शनिवारवाडा कधी बांधला. मी उत्तर भरलं होतं १७३२. काकांनी लिहिलं होतं, ‘पाया १७३०चा, वास्तुशांत १७३२ची. तुझ्या प्रश्नात “बांधला” म्हणजे नक्की काय? पुरावा सोबत जोडला आहे.’